महाकाय उत्परिवर्तित सरीसृप राक्षस कसा घडवावा

कथा, चित्रकथा, संगणकीय खेळ किंवा लघुपट यांसाठी महाकाय राक्षस घडवायला बसलेला माणूस बहुधा सामर्थ्यांच्या यादीपासून सुरुवात करतो. आग ओकतो, अंधारात पाहतो, जखमा आपोआप भरून येतात, कातडी भेदता येत नाही, शिवाय उडतोही, अशा दहा गोष्टी कागदावर मांडल्या की राक्षस तयार झाला असे त्याला वाटते. अशा राक्षसाचे काम पहिल्या दोन प्रसंगांतच संपते, कारण त्याला काहीच अवघड नसते. या लेखात उलट मार्ग सुचवला आहे. एक खराखुरा प्राणी निवडावा, तो प्रामाणिकपणे मोठा करावा, मोठा केल्यामुळे त्याचे शरीर कुठे कुठे कोलमडते ते पाहावे आणि उत्परिवर्तनाला, म्हणजे जनुकांत घडलेल्या बदलाला, तेवढ्याच पडझडीची डागडुजी करू द्यावी. सामर्थ्ये त्या डागडुजीतून निघतात आणि उणिवाही तिथूनच निघतात.

प्राण्याची निवड घाईने करू नये, कारण पुढचे बहुतेक निर्णय तिच्यावरच अवलंबून असतात. खाऱ्या पाण्यातील मगर घेतली तर जबड्याची ताकद आयतीच मिळते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत तिच्या चाव्याचा जोर १६,००० न्यूटनच्याही वर भरला होता. मात्र त्याच मगरीचे जबडा उघडणारे स्नायू इतके दुबळे असतात की मिटलेले तोंड दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधून ठेवता येते, आणि ही गोष्ट कथेत कधी ना कधी उपयोगी पडते. गालापागोस बेटांवरचा सागरी इग्वाना समुद्रात बुडी मारून शेवाळ खातो आणि अंगात साठलेले जादा मीठ नाकातून फवाऱ्यासारखे उडवतो, म्हणून समुद्रातून वर येणाऱ्या राक्षसासाठी तो चांगला पाया ठरतो. बिनपायाचा राक्षस हवा असेल तर सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी होऊन गेलेला टायटॅनोबोआ हा साप विचारात घ्यावा. त्याची लांबी १३ मीटरच्या आसपास आणि वजन एक टनाहून अधिक असावे असा अंदाज आहे. या लेखात उदाहरणासाठी कोमोडो ड्रॅगन, म्हणजे इंडोनेशियातील बेटांवर राहणारी जगातील सर्वांत मोठी घोरपड, घेतली आहे. ती तीन मीटरपर्यंत वाढते, उत्तम पोहते आणि मेलेल्या जनावराचा वास कित्येक किलोमीटरांवरून घेते. तिच्या चालण्यात एक निवांत, हिशेबी क्रौर्य असते आणि मगरीच्या दबा धरून बसण्यापेक्षा मला ते अधिक भयंकर वाटते.

मोठेपणाचा हिशेब

तीन मीटर लांबीची आणि ८० किलो वजनाची घोरपड वीसपट वाढवून ६० मीटरची केली असे समजू. लांबी २० पट झाली की त्वचेचा पृष्ठभाग आणि हाडांच्या छेदाचे क्षेत्रफळ ४०० पट होते, पण घनफळ आणि त्याबरोबर वजन ८,००० पट होते. म्हणजे आपली घोरपड ६४० टनांची झाली आणि तिच्या हाडांच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर पूर्वीच्या वीसपट भार आला. ही अडचण गॅलिलिओ यांनी १६३८ मध्येच मांडली होती: मोठ्या प्राण्याचे हाड हे लहान प्राण्याच्या हाडाची नुसती वाढवलेली प्रतिकृती असून चालत नाही, ते प्रमाणाबाहेर जाड असावे लागते. किती जाड, ते स्वतः मोजून पाहावे. मूळ घोरपडीची मांडी १० सेंटीमीटर जाड धरली तर साध्या वाढीने ती दोन मीटर होते, पण वाढलेले वजन पूर्वीइतक्याच ताणात पेलायचे असेल तर जाडी जवळजवळ नऊ मीटर हवी. धड मूळचे ३५ सेंटीमीटर रुंद धरले तर ते वाढून सात मीटर होते. म्हणजे पाय धडापेक्षा जाड! हा प्राणी एकदा कागदावर काढून पाहावाच. तो इतका हास्यास्पद दिसतो की हिशेब पुन्हा विसरत नाही.

यातून सुटण्याच्या तीन वाटा आहेत आणि त्या तिन्ही एकत्र वापराव्यात. पहिली वाट पायांच्या ठेवणीची. घोरपडीचे पाय धडाच्या बाजूंना फाकलेले असतात, त्यामुळे मांडीच्या हाडावर दाबाबरोबर वाकवणारा जोरही येतो; महाकाय देहात ते पाय धडाखाली, खांबासारखे सरळ यायला हवेत. दुसरी वाट हवेची. लांब मानेच्या अजस्र शाकाहारी डायनोसॉरांच्या मणक्यांत हवेच्या पोकळ्या होत्या, आणि आजच्या घोरपडींच्या फुप्फुसांतही हवा बऱ्याच अंशी पक्ष्यांप्रमाणे एकाच दिशेने वाहते असे संशोधनात दिसले आहे. तेव्हा फुप्फुसांपासून निघालेले वायुकोश हाडांत शिरले आणि वजन ५०० टनांवर आले, ही कल्पना घोरपडीच्या शरीराशी विसंगत ठरत नाही. तरीही जमिनीवरच्या ज्ञात प्राण्यांत अतिविशाल मानला जाणारा अर्जेंटिनोसॉरस ७० टनांच्या आसपास होता, हे विसरू नये. म्हणून तिसरी वाट पाण्याची. निळा देवमासा ३० मीटर लांबी आणि १५० टन वजन गाठू शकतो, कारण त्याचा भार पाणी उचलते. आपल्या घोरपडीचे घर समुद्रात असावे आणि जमिनीवर तिला मोजकेच तास काढता यावेत. किती तास, तो आकडा आताच लिहून ठेवावा; कथेतला सगळा ताण पुढे त्या आकड्यावर बेतता येतो.

उष्णतेचे गणित नेमके उलट बाजूने अडते. लहान सरड्याला ऊन खाऊन अंग तापवावे लागते, पण मोठ्या देहात वजनाच्या मानाने त्वचा कमी असल्याने ऊब लवकर बाहेर पडत नाही. लेदरबॅक समुद्रकासव थंड पाण्यातही उबदार राहते, त्यामागे त्याचे मोठे आकारमान हे एक कारण आहे. ५०० टनांच्या घोरपडीला थंडी वाजण्याची चिंता नाही, धावपळीनंतर भाजून निघण्याची आहे. पाठीवरचे पट्ट, म्हणजे उभे चपटे फलक, किंवा तुरे येथे शोभेचे न राहता उष्णता बाहेर टाकणारे पंखे बनतात. भुकेचा हिशेब मात्र वाटतो त्यापेक्षा सौम्य निघतो. माक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवलेल्या प्रमाणानुसार प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या पाऊण घाताने वाढते, त्यामुळे ८,००० पट वजनाच्या घोरपडीला अन्न ८,००० पट न लागता सुमारे ८५० पट लागते. कोमोडो ड्रॅगन एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत खाऊ शकतो आणि नंतर कित्येक दिवस उपाशी राहू शकतो. तेव्हा रोज शहर गिळणाऱ्या राक्षसापेक्षा एकदा खाऊन महिनोन्‌महिने गायब होणारा राक्षस अधिक विश्वसनीय आहे.

उत्परिवर्तन कुठून आले

किरणोत्साराने बदल घडतो, हे खरे आहे. हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांमुळे फळमाश्यांत उत्परिवर्तने होतात हे सिद्ध केले होते. पण पूर्ण वाढ झालेल्या प्राण्यावर किरणांचा मारा केला तर तो मोठा होत नाही, आजारी पडतो. त्याच्या कोट्यवधी पेशींत वेगवेगळे बिघाड होतात आणि त्यांतून एकसंध नवे शरीर उभे राहत नाही. साऱ्या देहाची रचना बदलायची असेल तर बदल अंड्यात किंवा अंड्याच्याही आधी, जननपेशींत व्हायला हवा. म्हणून राक्षसाच्या जन्मकथेत स्फोटाचा प्रसंग आणि राक्षसाचे दर्शन यांच्यात काही वर्षांचे अंतर ठेवावे आणि मधल्या काळात ती घोरपड वाढत होती याच्या खुणा पेरून ठेवाव्यात.

घोरपडीची निवड येथे अनपेक्षित फळ देते. २००६ मध्ये इंग्लंडमधील प्राणिसंग्रहालयांत कोमोडो ड्रॅगनच्या माद्यांनी नराशिवाय घातलेल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर आल्याचे प्रसिद्ध झाले होते, आणि या प्राण्याच्या लिंगगुणसूत्रांची व्यवस्था अशी आहे की अशी पिल्ले नरच असतात. एकटी मादी, तिची नर पिल्ले आणि त्यांच्यापासून पुढची पिढी, असा सगळा वंशविस्तार एका अंड्यापासून दाखवता येतो. विप्टेल नावाच्या सरड्यांत तर गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या, फक्त माद्यांच्याच जाती आढळतात. गुणसूत्रांचा जादा संच हे उत्परिवर्तनाचे कारण म्हणून घ्यायला हरकत नाही. मात्र एकच कारण निवडावे. किरणोत्सार, रसायन, परग्रहावरचा विषाणू आणि गुप्त प्रयोग ही चारही कारणे एकत्र आली की एकावरही विश्वास बसत नाही.

आकृती, कातडी आणि चेहरा

प्रथम राक्षस संपूर्ण काळ्या रंगात, आतले काहीही न दाखवता काढावा. नुसत्या छायाकृतीवरून तो ओळखू येत नसेल तर खवल्यांवर घालवलेला वेळ वाया जातो. १९५४ च्या जपानी चित्रपटातला ५० मीटर उंचीचा गॉडझिला ताठ उभा आहे, कारण त्या पोशाखाच्या आत माणूस उभा होता. आपल्यावर तसे बंधन नाही. घोरपडीचा कणा आडवा ठेवावा, आणि त्याला रक्तदाबाचेही कारण आहे: डोके हृदयापेक्षा २० मीटर वर न्यायचे तर तेवढ्या उंचीवर रक्त चढवायलाच पाऱ्याच्या सुमारे १,५०० मिलिमीटर इतका दाब लागतो आणि तो माणसाच्या वरच्या रक्तदाबाच्या बारापटींहून अधिक आहे. म्हणून ती एरवी डोके खाली ठेवून चालते आणि मान उंचावते ती थोड्याच क्षणांपुरती. त्या दृश्याचे वजन आपोआप वाढते.

शेपटीचे मूळ जाड काढावे. सरडे आणि मगरी यांच्यात मांडीचे हाड मागे ओढणारा मोठा स्नायू शेपटीच्या मुळापासून निघतो, त्यामुळे बारीक शेपटी आणि बलदंड मागचे पाय ही जोडी जाणकाराला खटकते.

आकारमानाचा भास मात्र दोन लहान गोष्टींवर ठरतो: डोळा आणि खवला. प्राणी जसजसा मोठा होत जातो तसतसे डोळे त्या प्रमाणात वाढत नाहीत. निळ्या देवमाशाचा डोळा जेमतेम १५ सेंटीमीटरचा असतो. भल्यामोठ्या मस्तकात बारीक डोळा बसवला की डोके पर्वतासारखे दिसते, आणि तोच डोळा मोठा केला की राक्षस पिल्लासारखा गोंडस होतो. खवल्यांचेही तसेच. मूळचे खवले वीसपट ताणले तर पाहणाऱ्याला जवळून टिपलेली साधी घोरपड दिसते. त्याऐवजी खवल्यांची संख्या वाढवावी, सांध्यांपाशी ते बारीक आणि पाठीवर जाड ठेवावेत, मधूनमधून जुन्या जखमांचे वण आणि चिकटलेले शिंपले दाखवावेत. चिलखत बाहेरून डकवण्याची गरज नाही. प्रौढ कोमोडो ड्रॅगनच्या कातडीखाली हाडांच्या बारीक तुकड्यांचे, साखळीच्या चिलखतासारखे जाळे असतेच. पिल्लांत ते नसते, ही गोष्ट कथेसाठी राखून ठेवावी. दातांसाठीही निसर्गाने एक सुंदर तपशील दिला आहे: २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार कोमोडो ड्रॅगनच्या दातांच्या कडांवर आणि टोकांवर लोहाचा थर असतो आणि त्यामुळे त्या कडा नारिंगी दिसतात. पांढऱ्याशुभ्र सुळ्यांपेक्षा गंजल्यासारखी नारिंगी कड कितीतरी अधिक भयावह आहे.

हालचाल आणि आवाज

मोठा प्राणी सावकाश हलतो, त्यामागेही हिशेब आहे. पाय लंबकासारखा झुलतो आणि लंबकाचा काळ लांबीच्या वर्गमुळाने वाढतो; वीसपट मोठ्या घोरपडीचे एका सेकंदाचे पाऊल साधारण साडेचार सेकंदांचे होते. पाऊल वीसपट लांब असल्याने प्रत्यक्ष वेग मात्र साडेचार पट वाढलेलाच असतो. लहान प्रतिकृती जलद गतीने चित्रित करून नेहमीच्या गतीने दाखवण्याची जुनी युक्ती याच नियमावर उभी आहे. पंचविसांश आकाराची प्रतिकृती सेकंदाला १२० चौकटींनी टिपून २४ चौकटींनी दाखवली की पडझड भव्य वाटते.

पावलाखाली जमीन हमखास दुभंगते असे दाखवले जाते. ५०० टनांचा भार चालताना दोन पायांवर असेल आणि प्रत्येक तळवा १२ चौरस मीटरचा असेल, तर दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे दोन किलो येतो. मोटारीच्या टायरचाही दाब साधारण तेवढाच असतो. कठीण रस्ता तिला तोलून धरेल. पण भार विस्तृत क्षेत्रावर असल्याने तो खोलवर पोहोचतो, म्हणून रस्ता शाबूत राहून त्याखालचे नाले, भुयारे आणि तळघरे मागाहून खचत जातात. मला हे दुभंगलेल्या डांबरापेक्षा जास्त आवडते.

आवाजासाठी सिंह किंवा हत्तीकडे धावू नये. मगरीचा नर माणसाला ऐकू न येणाऱ्या नीच स्वरात गुरगुरतो, तेव्हा त्याच्या पाठीवरचे पाणी थेंबाथेंबांनी नाचू लागते. राक्षस येण्यापूर्वी आवाजाऐवजी पाणी नाचताना दाखवावे. ऐकू येणारी डरकाळी हवीच असेल तर ती प्राण्याच्या गळ्यातूनच यायला हवी असेही नाही. गॉडझिलाची मूळ डरकाळी राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या तारांवर घासून काढली होती.

सामर्थ्ये

तीन सामर्थ्ये पुरेशी आहेत. प्रत्येक सामर्थ्यासाठी शरीरात दिसणारा अवयव, वापरण्यापूर्वीची खूण, वापरानंतरची थकावट आणि पुन्हा सज्ज होण्याचा काळ या चार गोष्टी लिहाव्यात. यांतली एकही लिहिता आली नाही तर ते सामर्थ्य सरळ खोडावे.

घोरपडीच्या बाबतीत पहिले सामर्थ्य विषारी फवाऱ्याचे. कोमोडो ड्रॅगनच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी असतात, हे २००९ मध्ये दाखवले गेले. ते विष रक्त गोठू देत नाही आणि रक्तदाब उतरवते. थुंकणाऱ्या नागाच्या दातांची छिद्रे पुढच्या बाजूला असल्याने तो विष दूर उडवतो. बॉम्बार्डियर भुंगेरा दोन रसायने शरीरातल्या एका कप्प्यात एकत्र आणून जवळजवळ १०० अंश सेल्सिअसचा फवारा मारतो. उत्परिवर्तनाने विषग्रंथीचे दोन भाग झाले, दोन रस वेगळे साठू लागले आणि ते दातांपाशीच एकत्र येऊ लागले, असे मानले तर आग ओकण्याच्या जवळपास जाणारे सामर्थ्य मिळते आणि घसाही जळत नाही. खूण म्हणून फवाऱ्याआधी जबड्याखालच्या दोन पिशव्या फुगाव्यात. रस संपले की त्या लोंबाव्यात आणि भरायला, समजा, नऊ दिवस लागावेत. एक पिशवी फुटली तर दुसरीतला रस निरुपयोगी ठरतो, हा या रचनेतला सर्वांत मोलाचा भाग आहे.

दुसरे सामर्थ्य शेपटी पुन्हा उगवण्याचे. येथे थोडे स्वातंत्र्य घ्यावे लागते, कारण घोरपडी पालींप्रमाणे शेपटी टाकत नाहीत. उत्परिवर्तनाने ती जुनी क्षमता परत आणली असे म्हणावे. पालीच्या नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची नळी असते, आणि तिच्यावरचे खवलेही वेगळ्या ठेवणीचे येतात. कधी कधी अर्धवट तुटलेल्या जागी दुसरी शेपटी फुटते. म्हणजे पुन्हा उगवलेला भाग ओळखू यायला हवा आणि तो पूर्वीइतका लवचीक नसावा. तुटण्याची जागा मांडीच्या त्या स्नायूच्या पलीकडे ठेवावी. अलीकडे तुटली तर ती लंगडते.

तिसरे रंग पालटण्याचे. शॅमेलिऑनच्या त्वचेत ग्वानिन या पदार्थाच्या सूक्ष्म स्फटिकांमधले अंतर बदलले की रंग बदलतो, हे २०१५ मध्ये उलगडले. पाठीचे पट्ट तापले की त्यांतले स्फटिक दूर सरकतात आणि हिरवट पट्ट पिवळे, मग तांबडे होतात, असे ठरवले तर रंग हा तिच्या अंगातल्या उष्णतेचा मापक बनतो. तांबडी झालेली घोरपड सर्वांत धोकादायक असते आणि तिला पाण्यात परतण्याची घाईही तेव्हाच सर्वांत जास्त असते.

उणिवा

बाहेरून आणलेली उणीव, म्हणजे एखादा दुर्मीळ धातू किंवा विशिष्ट ध्वनी, शक्यतो टाळावी. शरीरातच पुरेशा उणिवा आहेत. सरडे धावताना धड डावी-उजवीकडे वाकवतात आणि त्यामुळे त्यांना त्याच वेळी नीट श्वास घेता येत नाही; घोरपडी घशाने हवा आत ढकलून ही अडचण काही अंशी सोडवतात. आपल्या घोरपडीचा घसा जोराने हलू लागला की ती दमली आहे हे समजावे. मोठे सरीसृप झटापटीत स्नायूंमध्ये लॅक्टिक आम्ल साठवतात आणि ते निघून जायला तासन्‌तास लागतात. शिवाय, अगदी वेगवान मज्जातंतूंतूनही संदेश सेकंदाला सुमारे १०० मीटर जातो, म्हणून शेपटीच्या टोकावरचा घाव डोक्याला अर्ध्या सेकंदाने कळतो आणि उलट वार व्हायला आणखी अर्धा सेकंद जातो. दुखण्याची जाणीव नेणारे बारीक तंतू सेकंदाला एखादाच मीटर पुढे सरकतात. तिला खरी कळ येते ती जवळजवळ मिनिटभराने, हल्लेखोर गेल्यावर. तेव्हा ती ज्याच्यावर चवताळेल तो बहुधा भलताच कोणी असेल.

शेवटी राक्षसाचा एकच तक्ता करावा: बाजूने, समोरून आणि वरून अशी तीन चित्रे, शेजारी प्रमाणासाठी माणूस, आणि कडेला आकडे. त्यावर चौथे चित्र कात टाकतानाचे असू द्यावे. घोरपडीची कात सापासारखी सलग उतरत नाही, तुकड्यातुकड्यांनी निघते. पट्टांच्या मुळाशी जुनी कातडी अडकली की त्यांतून उष्णता बाहेर पडत नाही आणि त्या दिवसांत ती पाण्याबाहेर फार काळ राहू शकत नाही. कात निघण्याचे दिवस वर्षातून किती वेळा येतात, तो आकडा तक्त्याच्या कोपऱ्यात, जमिनीवर काढता येणाऱ्या तासांच्या शेजारी लिहावा.